भुलाबाईचा डबा

माझ्या खोलीत दुसरी खाट लागणार असं आमचं हे म्हाताऱ्यांचं घर चालवणाऱ्या ताईंनी सांगितलं तेव्हा मी तोंड वाकडं केलं, आणि ते त्यांनी पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं करणं त्यांच्या स्वभावात नाही. "बाई, तोंड खुशाल वाकडं करा," त्या म्हणाल्या, "पण खिडकीजवळची खाट द्यावी लागेल. ज्या येतायत त्यांना उठता येत नाही. पडल्या पडल्या त्यांना काहीतरी दिसायला पाहिजे."

खिडकीजवळची खाट माझी होती. त्या खिडकीतून दिसतं तरी काय, तर राजापेठेच्या मागची आमची गल्ली, समोरच्या घराचा कूलर आणि शेजारच्या ट्यूशन क्लासला येणाऱ्या पोट्ट्यांच्या गाड्या. क्लासातला मास्तर इतक्या मोठ्यानं शिकवतो की भिंतीअलीकडे बसून मी पुन्हा एकदा दहावी झाले. तरी ती माझी खिडकी होती. खाट सरकवून झाल्यावर मी ताईंशी कामापुरतंच बोलत राहिले, आणि त्यांनी ते मला बोलू दिलं.

मी जन्मभर अकोल्याच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, म्हणून इथंही सगळे मला 'बाई' म्हणतात. यजमान गेल्यावर मुलगा म्हणाला, पुण्याला चल. मी नाही म्हटलं. पुण्यात माझं बोलणं ऐकून भाजीवालासुद्धा वळून बघतो, जसं काही मी त्याच्याशी भांडतेच आहे. अमरावतीचं हे घर मी स्वतः येऊन पाहिलं, स्वयंपाकघरात नाक खुपसलं, गाद्यांचा वास घेतला, आणि स्वतःच्या पायांनी राहायला आले. लोकांना वाटतं, मुलानं ठेवलं. मी त्यांना समजावायचं सोडून दिलं आहे.

घर म्हणजे एक दुमजली बंगला. खाली आम्ही डझनभर म्हातारी माणसं, वर ताई. ताई मोठ्या दवाखान्यात सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात, त्यांनी हे घर काढलं. त्यांचे काही नियम आहेत आणि ते आमच्यासाठी नाहीत, आमची कामं करणाऱ्यांसाठी आहेत. दार उघडं असलं तरी वाजवून आत यायचं. अंगाला हात लावण्याआधी सांगायचं, की आता पाय उचलते, आता कुशीवर वळवते. आणि भरवायचं तर बसून भरवायचं. उभ्यानं नाही. "उभ्यानं भरवलं की समोरच्या माणसाला वाटतं, हिला घाई आहे," ताई म्हणतात. "मग तो घास चावत नाही, गिळतो." मी पुष्कळ शाळा पाहिल्या, पुष्कळ हेडमास्तर पाहिले, पण इतक्या साध्या शब्दांत नियम सांगणारं आणि तो स्वतः पाळणारं माणूस मला या वयात भेटलं.

आणखी एक. इथं कुणाला सरसकट आजी-आजोबा म्हणत नाहीत. आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी विचारतात, तुम्हाला काय म्हणायचं? समोरच्या खोलीतले निवृत्त वकील म्हणाले, वकीलसाहेब. माझ्या खोलीत आलेल्या बाईंना विचारलं तेव्हा त्या छताकडे बघत म्हणाल्या, "काकू म्हना. गावात सारे काकूच म्हन्तेत."

काकू अकोटाकडच्या एका खेड्यातल्या. काळ्या रानात जन्म गेलेला. गोठ्याजवळ पाय घसरला, खुबा मोडला, अकोल्याला ऑपरेशन झालं. घरी एक मुलगा, एक सून, आणि दोघांनाही दिवसभर शेत. हाड जुळलं होतं, पण रोज धरून उभं करायला माणूस हवा, म्हणून मुलगा त्यांना इथं घेऊन आला. साधा माणूस होता. जाताना आईच्या पायाशी उभा राहिला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मग म्हणाला, "माय, येतो मंग." काकूंनी मान हलवली.

ऑपरेशनमुळे लुगडं नेसवता येत नव्हतं, मॅक्सी घालावी लागायची. ती काही त्यांना सोसेना. जुन्या लुगड्याचा एक तुकडा त्यांनी सोबत आणला होता, तो त्या मॅक्सीवरून डोक्यावर ओढून घ्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करून पडायच्या. खिडकीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माझी खिडकी अशी फुकट गेली.

आणि त्या जेवत नव्हत्या.

ताट यायचं, दोन घास पोटात जायचे, ताट परत. वरणभात केला, ज्वारीची भाकर कुस्करून दिली, झुणका दिला. स्वयंपाकाच्या मावशींनी तिखट कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं. "भूक नाई," काकू म्हणायच्या, अगदी नम्रपणे, जसं दुसऱ्याच्या घरी पाहुण्यानं म्हणावं. पाणीसुद्धा ओठ ओले करण्यापुरतं. हाताची कातडी हाडाला चिकटत चालली. नेहमीचे डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि खाटेजवळच बोलले: हाड छान जुळलंय, पण त्यावर उभं राहायला अंगात काही पाहिजे ना. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. कोजागिरीनंतर मी येतो, तेव्हा ठरवू.

काकूंनी लुगड्याचा तुकडा तोंडावर ओढला. नळी म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. त्यांचे हात बांधून ठेवावे लागतील, नाहीतर त्या ती उपटून टाकतील, हे मलाही कळत होतं.

मी चिडले की माझी शाळेतली मराठी पळून जाते. त्या दिवशी दुपारी घर झोपलेलं असताना मी त्यांच्या खाटेशी स्टूल ओढलं आणि म्हटलं, "काकू, काहून जेवत नाही तुमी? नळी पाहिजे काय नाकात?"

काकूंनी डोक्यावरचा तुकडा सारखा केला. मग भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "बाई, खाल्लं का मंग जा लागते."

"कुठं?"

"तिकडं." त्यांनी बाथरूमकडे हनुवटी केली. "मले उठता येत नाई. ताईले बलावा लागते. ते माऊली सारं साफ करते. म्या जिंदगीत कोनाले हात लावू देल्ला नाई. खाल्लं का बलावा लागते, नाई खाल्लं का नाई."

हिशोब अगदी बरोबर होता, म्हणूनच मला तो सहन होईना. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच उत्तर काढलं असतं.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. ताई मेथी निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या चकित होतील. त्या म्हणाल्या, "अंदाज होता मला. नवीन आलेल्या बायका पुष्कळदा हेच करतात. पाणीसुद्धा पीत नाहीत."

"मग बोलला का नाहीत त्यांना?"

"काय बोलू? लाजू नका म्हणू?" ताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "लाज अशी सांगून जात नाही हो बाई. तिला वेळ लागतो. आणि तोवर माणूस जगला पाहिजे."

त्यानंतर ताईंनी काय काय केलं ते मी माझ्या खाटेवरून पाहिलं, किंवा खरं म्हणजे ऐकलं, कारण तेवढ्या वेळापुरती मी पाठ फिरवून पडत असे. काकूंच्या खाटेला लागून संडासचं भांडं बसवलेली खुर्ची आली. दोरीवर जुन्या साडीचा पडदा आला. ते काम त्यांनी मदतनीस बायकांना दिलं नाही, स्वतःकडे ठेवलं. आधी रेडिओ मोठा करायच्या. मग पडद्याआडून त्यांचा आवाज यायचा, "काकू, तुमच्याकडं कापूस फुटला का यंदा लवकर?" आणि काकूंना उत्तर द्यावंच लागायचं, कारण कापसाबद्दल विचारल्यावर गप्प बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. 'झालं का' हा प्रश्न ताईंच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही. त्या नुसत्या थांबायच्या, बोंडअळीवर बोलत. मी मनातल्या मनात या बाईला हात जोडले. तोंडावर म्हणायचा माझा स्वभाव नाही, म्हणून इथं लिहिते.

एवढं करूनही ताट परत जातच होतं, फक्त थोडं कमी भरलेलं.

मग भुलाबाई आली. आमच्या वऱ्हाडात भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई माहेरी येते, सोबत तिचे भुलोजी. मातीची ती जोडी ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवात बसवतात, संध्याकाळी पोरी जमून गाणी म्हणतात, आणि मग खिरापत. खिरापत बंद डब्यात असते. आणणारीनं डबा वाजवायचा, बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. कुणी ओळखेपर्यंत डबा उघडत नाही आणि कुणाला काही मिळत नाही. महिनाभराचा हा खेळ आमच्या घरात शेवटच्या पंधरवड्यावर येतो, कारण महिनाभर गाणी म्हणायला कुणाच्याच छातीत तेवढा दम नाही.

मला हे आवडत नसे. म्हाताऱ्या माणसांना पोरीबाळींचे खेळ खेळायला लावायचे, टाळ्या वाजवायच्या आणि त्याला करमणूक म्हणायचं, याची मला चीड आहे. मागच्या वर्षी मी दार लावून बसले होते. यंदा ताईंनी भुलाबाईचा मांडव हॉलमध्ये नेमका आमच्या दारासमोर घातला. काकूंना हवा लागावी म्हणून ते दार दिवसभर उघडंच असायचं, तेव्हा माझी सोय राहिली नाही.

पहिल्या संध्याकाळी मावशींनी गाणं सुरू केलं. दोन ओळी झाल्या, आणि आतून, खाटेवरून, आवाज आला, "चाल चुकली."

मावशी थांबल्या. काकू आपणहून काही बोलल्याचं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. मावशी म्हणाल्या, आमच्याकडं अशीच म्हणतात. मी म्हटलं, अकोल्याला तिसरीच चाल आहे. काकूंनी भिंतीकडचं तोंड आमच्याकडे वळवलं आणि बारीक आवाजात अकोटाकडची चाल म्हणून दाखवली. त्यांना धाप लागली, पण चूक कुणाची ते ठरल्याशिवाय त्या थांबेनात. ते काही ठरलं नाही.

मग मावशींनी स्टीलचा डबा वाजवला. मी म्हटलं, "साखरफुटाणे." मला खात्री होती.

"नाई," खाटेवरून आवाज आला. "फुटानेच हायेत, पन साखरेचे नाई. साखरेचे टनक वाजतेत."

मावशी डबा उघडणार तेवढ्यात वकीलसाहेबांनी हात वर केला. कोर्ट सुटून वर्षं झाली, पण हरकत घेण्याची सवय काही सुटलेली नाही. म्हणाले, "नुसता आवाज ऐकून सांगितलं, ही ऐकीव गोष्ट झाली. साक्षीदारानं चाखून सांगावं. नाहीतर आम्ही मानणार नाही."

ताईंनी डबा घेतला, खोलीत आल्या, काकूंच्या पाठीशी उशी लावून त्यांना बसतं केलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. काकूंनी एक फुटाणा तोंडात टाकला. दात त्यांचे माझ्यापेक्षा शाबूत होते. सावकाश चावला. "फुटाने," त्या म्हणाल्या.

"एकानं सिद्ध होत नाही," बाहेरून वकीलसाहेब म्हणाले.

काकूंनी मूठभर खाल्ले. का, तर खोटं ठरू नये म्हणून.

त्या रात्री अंथरुणावर पडताना मी ताईंना विचारलं, हे वकीलसाहेबांना तुम्ही पढवून ठेवलं होतं का? त्या नुसत्या हसल्या आणि माझी मच्छरदाणी खोचून गेल्या. आजतागायत मला उत्तर मिळालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खिरापत ओळखण्याच्या तयारीतच बसले. मुलींना गणित शिकवण्यात माझे केस पांढरे झाले, आणि एका डब्यापुढं मी हरावं? मला ते झोंबलं होतं. मुरमुरे मी ओळखले. डाळं-गूळ काकूंनी ओळखला. काकडीचे काप कुणालाच येईनात, कारण काकडी वाजत नाही. एकदा काकू छाती ठोकून म्हणाल्या, "खारका," आणि डब्यातून निघाले शेंगदाण्याचे लाडू. मी इतकी खूश झाले की टाळी वाजवली. तेव्हा वकीलसाहेबांनी नवीन कलम काढलं: उत्तर बरोबर आलं तर पुरावा म्हणून खायचं, चुकलं तर दंड म्हणून खायचं.

"ह्या वकिलानं मले दोन्हीकून बांधलं," काकू म्हणाल्या आणि दंड भरला.

खिरापतीनं पोट भरत नाही हे मलाही कळतं. पण खिरापतीमागून वरणभाताचे चार घास जाऊ लागले. तोंडाला चव आली की माणूस स्वतःच्या निश्चयाशी थोडी बेइमानी करतो. ताई मात्र हुरळल्या नाहीत. रोज सकाळी त्या काकूंना वॉकर धरवून उभं करायच्या, "दोन्ही हात माझ्यावर नाही, लोखंडावर," असं बजावायच्या, आणि काकूंचे पाय थरथरायला लागले की लगेच बसवायच्या. थोडं लवकरच बसवायच्या. उद्या पुन्हा उभं राहायची इच्छा उरावी म्हणून, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मग एका दुपारी घात झाला. चार घास जास्त गेले होते, काकूंनी ताईंना हाक मारायला उशीर केला, आणि खाटेवरच सगळं झालं. मदतनीस बाई चादर घेऊन धावली, तेवढ्यात दारातून पलीकडच्या खोलीतलं कुणीतरी डोकावलं. ताईंनी दार लोटलं, पडदा ओढला, सगळं बदललं, एक शब्द न बोलता आणि एक सुस्कारा न टाकता. पण व्हायचं ते झालं होतं. काकूंनी लुगड्याचा तुकडा तोंडावर घेतला. संध्याकाळी डबा वाजला, त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ताट जसं आलं तसं परत गेलं. कोजागिरी आठवड्यावर आली होती.

मला राग आला. काकूंचा नाही, डोकावणाऱ्याचाही नाही. ही कसली गोष्ट, जिची एवढी चोरी असावी? आम्ही सगळे दिवसातून चारदा जातो आणि सगळे असं वागतो जसं काही आम्हाला पोटच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, चहा झाल्यावर, मी खाटेवर बसून घंटी दाबली आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज लावला: "ताई, मला संडासला जायचंय. हात द्यायला या."

मला हात लागत नाही. मी रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत फिरून येते.

भिंतीपलीकडचा मास्तर समीकरणाच्या मध्यात थांबला. पोट्टे हसले. वकीलसाहेबांच्या खोलीतला पेपर खाली आल्याचा आवाज मला ऐकू आला. ताई आल्या. चेहऱ्यावर काही नाही. "चला बाई," म्हणाल्या, माझा हात नीट काखेतून धरला आणि मला बाथरूमच्या दारापर्यंत नेलं, जसं काही मी काचेची आहे. बाहेर थांबल्या. परत आणलं. खाटेवर बसवलं. या बाईंना नाटकात काम द्यायला हवं होतं, पण मग आमचं कसं झालं असतं?

लुगड्याचा तुकडा हलला. "काय बोंब मारून राह्यली वं बाई?"

"जायचं होतं म्हणून."

"मंग जा ना. पाय तं हायेत तुले."

तोवर त्या मला 'तुमी' म्हणायच्या. आता 'तू' झालं होतं, आणि मी ते लगेच पकडलं. खिरापत ओळखताना पोरी एकमेकींना 'तू'च म्हणतात. मी म्हटलं, "पाय आहेत, पण मला आवडतं हाक मारायला. मी रोज मारणार."

आणि मारली. रोज सकाळी, चहानंतर, त्याच आवाजात. चौथ्या-पाचव्या दिवशी वकीलसाहेबांनीही आपल्या खोलीतून हाक दिली, "ताई, आम्हालाही!" त्यांना खरंच मदत लागायची, आजवर ते भिंत धरधरून जायचे. क्लासातली पोरं हसायची थांबली, कारण रोज रोज कशाला हसतील? आणि काकू पुन्हा डब्याकडे कान देऊ लागल्या. हाक मात्र त्या मारत नव्हत्या. ताई वेळ बघून आपणच यायच्या, रेडिओ लावायच्या, कापसाचं विचारायच्या.

कोजागिरीच्या दिवशी दुपारी मुलगा आला, अकोटाहून एसटीनं. पिशवीत सीताफळं आणि ओल्या भुईमुगाच्या शेंगा. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर वजन करायला येणार होते, म्हणून ताईंनीच त्याला बोलावलं होतं. तो हॉलमध्ये खुर्चीच्या कडेवर बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, घालाच लागन काय नळी?" ताई खोटं बोलत नाहीत. "चार दिवस बरं खाल्लंय," त्या म्हणाल्या. "पण मधे खंड पडला. काटा काय सांगेल ते मी आज नाही सांगू शकत." त्यानं मान खाली घातली. नळी घातली तर आई घरी येणार नाही, इथंही राहणार नाही, तिला दवाखान्यातच ठेवावं लागेल, हे त्याला माहीत होतं. मला ते दोघं तसे बसलेले बघवेनात, म्हणून मी दुपारभर मांडवाच्या पताकांच्या दोऱ्या सोडवत हॉलमध्येच राहिले. काकूंकडे मावशी दोनदा जाऊन आल्या.

आमची कोजागिरी दिवेलागणीलाच उरकते. दूध आटलं, गाणी झाली, तिन्ही चालींची झाली. भुलाबाईचा सासरी जायचा दिवस, म्हणून मावशी डोळे पुसत होत्या, दरवर्षी पुसतात. मग खिरापतीचं कोण करतं असं ताई विचारणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "आज माही हाय."

काकू उशीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर लुगड्याच्या तुकड्याखाली स्टीलचा डबा. आम्ही सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन दाराशी जमलो, मुलगा खाटेच्या पायथ्याशी. काकूंनी डबा बाहेर काढला आणि वाजवला.

काही आवाज आला नाही.

पुन्हा वाजवला. काही नाही. मावशींच्या कपाळावर आठी पडली. डबा भरून दिला होता त्यांनीच, आणि त्याचा आवाज का येत नाही हे त्यांनाच कळेना.

"काकडी," मी म्हटलं. काकूंनी मान हलवली, नाई. "केळी." नाई. "सीताफळाचा गर," वकीलसाहेब म्हणाले. नाई. "पेढा," मुलगा म्हणाला. "शिरा," ताई म्हणाल्या. न वाजणारं जेवढं म्हणून जगात आहे तेवढं आम्ही सगळं सांगून झालो. काकू माझ्याकडेच बघत होत्या.

"हरली म्हन," त्या मला म्हणाल्या.

मी आयुष्यात हा शब्द फार कमी वापरला आहे. "हरले," मी म्हटलं.

काकूंनी झाकण काढलं आणि डबा आमच्याकडे तिरपा केला. आत काही नव्हतं. कोपऱ्यात गुळाचा चिकट डाग आणि शेंगदाण्याचा थोडा चुरा.

"लाडू होते," काकू म्हणाल्या. "खाल्ले म्या. सारे."

मावशींनी तोंडावर पदर घेतला. मुलगा डब्यात बघतच राहिला. दाराशी मात्र एक माणूस आपला धर्म सोडायला तयार नव्हता.

"पुरावा?" वकीलसाहेब म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग डोक्यावरचा लुगड्याचा तुकडा काढून खाटेवर ठेवला, दोन्ही हात वॉकरच्या लोखंडाला घातले, आणि पोराच्या, वकिलाच्या, साऱ्या घराच्या देखत, क्लासपर्यंत जाईल अशी हाक मारली: "ताई, चाल वं, मले संडासले जा लागते."

ताई केव्हाच त्यांच्याजवळ पोचल्या होत्या.

"मान्य," वकीलसाहेब म्हणाले, आणि वाटेतली आपली खुर्ची बाजूला घेतली.